घर नंबर एकतीस, माणसे सहा

एकोणीस एप्रिल, रविवार, अक्षय्यतृतीया. रक्कम सातशे रुपये. हजर पाच जण: माझे काका, वय एक्याऐंशी, त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, तिचा नवरा, मी बुलढाण्याहून सोबत आणलेले मोडी वाचणारे गुरुजी, आणि मी. ठिकाण काकांचा ओटा. आमचे गाव हिवरा आश्रमपासून सहा किलोमीटरवर आहे. सातशे रुपये गुरुजींचे, एका कागदाच्या वाचनाचे. त्यात बसभाडे धरलेले नव्हते, हे मला मेहकरच्या स्टँडवर कळले.

हे गुरुजी पूर्वी कुणी मोडी कागद दाखवला तर स्वतःच्या पदरचा चहा पाजून वाचून द्यायचे. पण अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी जो तो आपला पणजोबा शोधू लागला आहे, आणि मोडी वाचणाऱ्याला नवरदेवाचा भाव आला आहे. खुर्चीवर बसताना त्यांनी खुर्ची आधी हलवून पाहिली.

कागद होता आमच्या गावच्या जुन्या खानेसुमारीचा, म्हणजे शिरगणतीचा. साल नक्की सांगता येत नाही, कारण साल लिहिलेला कोपरा वाळवीने खाल्ला आहे. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वीस-पंचवीस वर्षे धरावीत, असे गुरुजींचे मत. त्या काळच्या पटवाऱ्याच्या वंशजांचे मेहकरला हार्डवेअरचे दुकान आहे. त्यांच्या माळ्यावर कापडात बांधलेले एक गाठोडे होते. ते रद्दीत जाण्याआधी मी चाळले. मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहे. जुने कागद पाहिले की माझा हात आपोआप तळाच्या बेरजेकडे जातो. मोडी येत नसली तरी देवाचे नाव घेऊन आकडे ओळखता येतात. गुरुजींना फोटो पाठवला, त्यांनी आमच्या घराची जागा ओळखली: मारुतीच्या पाराच्या उत्तरेला, पटवाऱ्याच्या खळ्याला लागून. आजही ते घर तिथेच आहे, फक्त गवताच्या जागी टिनपत्रे आली.

हा कागद काकांना हवा होता तो घरासाठी. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून एक शेड. एकूण तीनशे चौऱ्याऐंशी चौरस फूट. टेप मी स्वतः धरला आहे. काका बावीस वर्षे सालदार होते, वर्षाच्या कराराने दुसऱ्याच्या वावरात राबले. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, जुने साल संपायचे आणि नवे ठरायचे. त्यामुळे आयुष्यातले सगळे मोठे निर्णय ते अखजीलाच घेतात. यंदाचा निर्णय असा की घर माझ्या नावावर करायचे. त्यांना मुलगा नाही. पुढच्या पिढीत पुरुष मी एकटा.

"कुळाचं घर कुळात राह्यलं पाह्यजे," काका म्हणाले. "या कागदावरून आपल्या पिढ्या लिहून काढ. पेंटरकडून बोर्ड करून घे अन् ओट्यावर लाव. आल्यागेल्याले समजलं पाह्यजे का आपन इथले मूळचे आहो."

शेवटचे वाक्य जावयाच्या दिशेने होते. जावई शेडमध्ये जळालेल्या पंपाच्या मोटरीची तार उकलत बसले होते.

त्यांची हकिकत अशी. बारा वर्षांपूर्वी काकू गेल्या. बहीण आणि तिचा नवरा तेरवीला जालन्याकडून आले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काका विहिरीच्या काठावर घसरले आणि खुबा मोडला. ते दोघे महिनाभरासाठी थांबले, ते आजवर. जावयांनी शेड उभारली, पंचक्रोशीच्या मोटरी दुरुस्त करायला घेतल्या, घराला फरशी केली, शौचालय बांधले, नळ घेतला. बिले माझ्याकडे फाईलला आहेत. रक्कम इथे सांगत नाही, कारण ती सांगितली की काका उठून आत जातात. काकांना रोज दोन्ही वेळा हात धरून बाहेर आणतात तेही जावईच. तरी काका त्यांना बारा वर्षे "पाव्हणे" म्हणतात. जालन्याकडचा माणूस, सासऱ्याच्या घरी राहतो, म्हणजे घरजावई. काकांच्या लेखी घरजावई आणि कोपऱ्यातली उपणायची पाटी यांत फरक एवढाच की पाटी जेवत नाही.

आणखी एक नोंद. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिना येतो तेव्हा, जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारसे द्यायची आमच्याकडे रीत आहे. बारा वर्षांत तो महिना चारदा आला. काकांनी एकदाही अनारसा दिला नाही. "घरच्या घरी कोनाले बोलवू?" ते म्हणायचे. "हे त रोजच जेवून राह्यले."

घर माझ्या नावावर होणार हे कळल्यावर बहिणीने मला एवढेच विचारले, "दादा, भाडं किती घेशीन? म्हंजे मी आतापासून जमवाले लागते."

मी हसण्यावारी नेले. पण नको म्हटले नाही, हेही लिहून ठेवतो. माझे बुलढाण्याचे घर अडीच खोल्यांचे आहे आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. गावी एक घर असावे, असे कुणाला वाटत नाही?

तर गुरुजींनी भिंग काढले आणि वाचायला सुरुवात केली. घर नंबर एकतीस. छप्पर गवती. शेळी एक. बैल नाही. मग माणसे. घरधनी, वय पन्नास, धंदा सालदारी. त्याची बायको, वय अठ्ठेचाळीस, धंदा मजुरी. घरधन्याची आई, वय सत्तर, आंधळी. मुलगी, वय एकोणीस, धंदा मजुरी. मुलगा, वय दोन. त्या दोन वर्षांच्या मुलाचे नाव वाचताच काकांनी मांडीवर थाप मारली.

"आजा! माहा आजा तो. नाव तेच. अन् तो घरधनी म्हंजे माहा पंजा. सालदार. पाह्य, चार पिढ्या सालदारी अन् चार पिढ्या याच घरात."

"एकूण माणसे सहा," गुरुजींनी शेवटची ओळ वाचली.

मी वहीत पाहिले. पाच नावे लिहिली होती. मी पुन्हा मोजली. पाचच.

"काका, बेरीज लागत नाही."

"बेरीज काऊन पाह्यजे बे तुले? आजा सापडला ना?"

"नावं पाच, एकूण सहा. एक माणूस कमी आहे."

"मंग असंन एक कमी. त्याच्यानं काय होते?"

"अन् दुसरं, बायको अठ्ठेचाळीस वर्षांची, पोरगं दोन वर्षांचं. म्हणजे शेहेचाळिसाव्या वर्षी बाळंतपण."

"पूर्वीच्या बाया दनकट होत्या. माही माय वावरात बाळंत झाली अन् तिसऱ्या रोजी निंदाले गेली."

इथून पुढे अर्धा तास सहावा माणूस शोधण्यात गेला. काकांनी शेळी मोजली असावी असे म्हटले. पण शेळीला वेगळा रकाना होता. गुरुजी म्हणाले, मोजणाऱ्याने चुकून स्वतःलाच मोजले असेल, अशी माणसे असतात, आणि माझ्याकडे पाहिले. बहीण चहा घेऊन आली आणि म्हणाली, "म्हातारीले दोनदा मोजलं असंन. आंधळी होती, एका जागी बसून राह्यली असंन. येताना एकदा मोजली, जाताना एकदा."

"पाव्हना असंन कोनी," काकांनी निकाल दिला. "त्या दिवशी मुक्कामाले आला असंन. पाव्हन्याले काय धरा लागते?"

शेडमधून जावयाचा आवाज आला. मान वर न करता ते म्हणाले, "धरलंय की पण. टोटलमधी हाय म्हनल्यावर मोजलाच असंल ना."

काकांनी चहा बशीत ओतला.

गुरुजींनी भिंग कागदावरून खालीवर फिरवले. "ही आडवी काळी रेघ कसली?"

"घडीची," मी म्हणालो. "ही झेरॉक्स आहे. मूळ कागद बुलढाण्याला कपाटात आहे. मूळ कागद मी प्रवासात नेत नाही."

"घडी उघडून झेरॉक्स नाही काढली?"

"घडी चिकटलेली होती. मूळ कागदाच्या स्थितीत मी फेरफार करत नाही."

गुरुजींनी भिंग मिटले. "म्हणजे तुमचा सहावा माणूस तुमच्या कपाटात आहे."

चूक माझी. चोवीस वर्षांच्या नोकरीतला माझा नियम, मूळ कागद घरी आणि प्रत सोबत, या एका दिवशी सातशे रुपये आणि दोन बसभाड्यांना पडला. मी तसे सगळ्यांसमोर कबूल केले. पण काकांना त्याचे काहीच नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मेहकरला दस्त लिहिणाऱ्याची वेळ घेऊन ठेवली होती. आजा सापडला, पणजा सापडला, सही करून मोकळे व्हा. मी म्हणालो, पिढ्यांच्या ज्या कागदाची बेरीज लागत नाही, त्याच्या आधारे मी काहीही नावावर करून घेणार नाही.

बहीण कपबशा उचलत होती. ती थांबली. "दादा, तुले घर भेटून राह्यलं अन् तू बकरी मोजून राह्यला."

यात माझा थोरपणा नव्हता. बेरीज लागली असती तर मी सोमवारी रजा टाकून सही केली असती. रजेचा अर्ज भरून ठेवला होता, तारीखसुद्धा टाकली होती.

घरी गेल्यावर बायकोला सांगितले. ती म्हणाली, "शंभराच्या वर वर्षं झाली, एक माणूस दुमडून पडलाय, अन् तुम्ही त्याला कुलूप लावून ठेवलंत." घडी तिने तिथल्या तिथे सोडवून दिली असती. पण मी म्हटले, घडी उघडेल ती त्याच पाच जणांसमोर. नंतर कुणी म्हणायला नको की मी आत काही लिहिले. "मोडीत?" बायकोने विचारले. "तुम्हाला?"

सव्वीस एप्रिल, रविवार. हजर सहा, कारण बायको आली. गुरुजी एका ओळीचे सातशे मागत होते, साडेतीनशेवर तुटले. या वेळी मूळ कागद होता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि एसटीत तो माझ्या मांडीवर होता. आजूबाजूच्या सहा जागांवरच्या प्रवाशांना खिडक्या बंद करायला लावल्या.

घडी जुन्या खळीने चिकटली होती. गुरुजी ब्लेड मागू लागले. बायकोने त्यांचा हात बाजूला केला. उन्हाळ्यात कापडावर घातलेले तांदळाचे पापड वाळले की ते ओढून काढत नाहीत. कापड उलटे करून मागून पाण्याचा हात फिरवतात, म्हणजे पापड आपोआप सुटतो. तिने तेच केले. ओला रुमाल पिळून कागदाच्या पाठीला लावला, थांबली, पुन्हा लावला. बहीण वारा लागू नये म्हणून दारात पदर धरून उभी राहिली. जावई मोटर सोडून आले, पण ओट्याच्या खालीच उभे राहिले. दहा-बारा मिनिटे गेली. मग घडी सुटली.

आत एक ओळ होती. मुलीच्या खाली, दोन वर्षांच्या मुलाच्या वर. शाई बाकीच्या कागदापेक्षा काळी, जणू कालच लिहिली.

गुरुजींनी आधी मनात वाचली. मग माझ्याकडे पाहिले, मग काकांकडे, आणि अंगणात उभ्या जावयाकडे पाहून त्यांनी भिंग पुसले.

"वाचा ना," काका म्हणाले. "साडेतीनशे घेतले ना?"

गुरुजींनी वाचले. "जावई. वय पंचवीस. सासऱ्याचे घरी राहून सालदारी करतो. याचा मुलगा एक, तो खाली लिहिला आहे. मूळ राहणार," आणि त्यांनी जालन्याकडच्या एका गावाचे नाव घेतले.

ते गाव म्हणजे आमचे आडनाव. त्या गावाला 'कर' लावला की आम्ही होतो. आमचे आडनाव इतक्या लांबच्या गावाचे कसे, याचे काकांकडे पन्नास वर्षांपासून एक उत्तर होते: आमच्या पूर्वजाने तिथल्या जत्रेत कुस्ती मारली, आणि हरलेल्या गावाने आपले नाव त्याला देऊन टाकले. लहानपणी मी विचारले होते की जिंकलेल्याने हरलेल्याचे नाव का लावावे. तेव्हा काकांनी मला पाणी आणायला पाठवले होते.

मी वहीत सहावी ओळ भरली. बेरीज लागली. बाळंतपणाचाही प्रश्न सुटला. आई एकोणीस वर्षांची. मी खाली दोन रेघा मारल्या, आणि मग माझ्या लक्षात आले की त्या दोन रेघांखाली माझे तीनशे चौऱ्याऐंशी चौरस फूट गेले. घरधन्याला मुलगा नव्हताच. त्याचे घर मुलीकडून जावयाच्या पोराकडे आले, त्याच्याकडून काकांच्या बापाकडे, तिथून काकांकडे. ज्याला आम्ही कूळ म्हणत होतो ते जालन्याकडून पायी चालत येऊन सासऱ्याच्या गवती छपराखाली शिरले होते.

काकांनी पाराकडे तोंड फिरवले.

"मंग," शेवटी ते म्हणाले, "आपला पंजा घरजावई."

"कागदाप्रमाणे," मी म्हणालो.

"कुस्ती?"

"कुस्तीचा रकाना नाही."

अंगणातून जावई म्हणाले, "ते गाव आमच्या गावापून तीन कोस हाय. माझी मावशी दिलीय तिथं."

"पाव्हणे, तुमी गप राहा जरा," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सोयरे निघाले लेकाचे."

बहिणीला हसू आवरत नव्हते. तिने पदर तोंडाला लावला. माझ्या बायकोने ओला रुमाल झटकून दोरीवर टाकला आणि म्हणाली, "काका, बोर्डावर आता पहिलं नाव कुणाचं लिहायचं? पेंटर अक्षरावर पैसे घेतो."

मला वाटले काका चिडतील. पण काकांना चिडण्यापेक्षा रीत मोठी. जन्मभर ते रीत सोडून वागले नाहीत, आणि आता अडचण अशी की रीतच दुसऱ्या बाजूला जाऊन बसली होती. ते बोटांवर मोजू लागले. म्हाताऱ्यानं घर पोरीले देल्लं, एक. जावयानं सालदारी करून पोसलं, दोन. तिसऱ्या बोटाला ते थांबले.

"म्हंजे या घरची रीतच ते आहे," ते मला म्हणाले. "पोरीच्या हातून आलं, पोरीच्या हाती जाईन. तुले नाही भेटत बे घर."

"नाही भेटत," मी म्हणालो.

"वाईट वाटलं?"

"थोडं."

"वाटूच दे. तूनच उकरलं." मग ते बहिणीकडे वळले. "पन नाव तुह्यं लागंन. पाव्हन्याचं नाही."

"मला नावबिव नको," जावई म्हणाले. "फकस्त बारा वर्षं झाली, आता पाव्हणे म्हनू नका."

"मंग काय म्हनू?"

जावई पुन्हा शेडमध्ये गेले आणि तारेला लागले. जाताना ते काहीतरी गुणगुणत होते, एवढे मी नोंदवले.

अकरा मे, सोमवार, मेहकरला बक्षीसपत्र नोंदले गेले. देणारे काका, घेणारी बहीण, साक्षीदार क्रमांक एक मी. भरून ठेवलेला रजेचा अर्ज त्या दिवशी उपयोगी पडला, फक्त तारीख बदलावी लागली. माझ्या सहीच्या वेळी पेन चालले नाही. बहीण माझ्याकडे रोखून पाहू लागली, तेव्हा मी दुसरे काढले.

प्रकरण इथे मिटायला हवे होते. पण दुसऱ्याच आठवड्यात यंदाचा धोंड्याचा महिना लागला आणि काकांनी मला फोन केला.

"किती राह्यले रे?"

"काय?"

"अनारसे. जावयाचे. तुयाकडं लेखी असंन."

लेखी नव्हते, पण हिशेब तोंडी होता. मागचे चार महिने, यंदाचा एक, पाच गुणिले तेहतीस, एकशे पासष्ट. काकांनी मागच्या चारांवर सूट मिळते का विचारले. मी म्हटले, रीतीला सूट नसते. बहिणीने करायला नकार दिला: "माह्या नवऱ्याचा मान अन् चुलीपाशी मी? मी नाही जात." माझ्या बायकोने माझ्याकडे नुसते पाहिले. शेवटी हिवरा आश्रमच्या बचत गटातल्या बायकांना सांगितले. त्या किलोवर देतात, मी नगावर मागितले. फोनवरच्या बाईंनी आकडा दोनदा विचारून घेतला.

सात जून, रविवार. हजर सहा, तेच; गुरुजी या वेळी जेवायला. पुरणाचे धोंडे, वरण, भात, तूप. काकांनी आंघोळ करून टोपी घातली आणि आदल्या रात्रीपासून अनारशांचा डबा स्वतःच्या खाटेखाली राखला होता. जावयांना पाटावर बसवले, कुंकू लावले, टॉवेल आणि टोपी दिली. मग डबा पुढे सरकवून काका म्हणाले, "घ्या, जावईबापू. बारा वर्षांचे आहे, दातानं हळू चावा."

जावयांचा चेहरा अवघडलेला होता. ते म्हणाले, "मोजायचं का?" आणि माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिले.

मी मोजले. एकशे चौसष्ट. पुन्हा मोजले. एकशे चौसष्ट. बचत गटाच्या चिठ्ठीवर एकशे पासष्ट होते, आणि डबा ताब्यात घेताना त्यांच्या ओट्यावर मी ते मोजून घेतले होते.

या वेळी घडी उघडावी लागली नाही. काकांच्या मिशीला खसखस लागलेली होती.

एकूण देणे एकशे पासष्ट. पैकी जावयांना पोचले एकशे चौसष्ट. काकांना, एक.